अर्धा सेकंद

वाडीच्या ट्रान्सपोर्टांमागे माझं गॅरेज, पत्र्याचं.
मे महिन्यात दुपारी दोनला
पान्हा उघड्या हातानं धरवत नाही,
फडक्यात गुंडाळावा लागतो.

अशा दुपारी लांजेवारांचा अनिमेष आला.
हातात खोका, खोक्यात लाल शंकू,
जाळीचा, कापसाचा, तेल पाजलेला.
"बसवून द्या नत्थूभाऊ. दहा घोडे वाढते म्हणते."
"कोण म्हणते?"
"खोक्यावर लिहून आहे."

काळा डबा उघडला. कागदी फिल्टर काढला,
पेटीच्या भात्यासारखा, घडीघडीचा.
आपटला तर फरशीवर पडलं
कोराडीकडची राख, अमरावती रोडची माती,
सावरीचा कापूस, एक माशी,
कुठल्याशा वरातीतली चमकी.
म्हटलं, बघ, यातलं काही आत जाऊ दिलं नाही यानं.
तो शंकूचं प्लास्टिक फाडत होता.

बसवला. वय एकवीस, पैसे त्याचे.
एक्सलेटर दाबला
आणि गाडीनं शड्डू ठोकला.
पोरगं हसलं. येतं तेव्हापासून
पहिल्यांदाच दात दिसले त्याचे.

रात्री काटोल रोडला, फेटरीच्या पुढं,
मोइन मागच्या सीटवर मोबाइलचं घड्याळ धरून.
साठ ते शंभर.
जुन्या डब्यावर नऊ सेकंद.
शंकूवर साडेनऊ.
पुन्हा केलं. साडेनऊ.
"पण आवाज तर..." तो म्हणाला, आणि थांबला.

बॉनेट उचललं. "हात ठेव त्याच्यावर."
चटका बसला.
"हे नाक आहे बे गाडीचं. तू ते चुलीवर धरलं."
गरम हवा पातळ.
सावजीच्या रश्श्यात कोणी तांब्याभर पाणी ओतावं,
वाटी तेवढीच भरते,
जिभेला काही लागत नाही.

गॅरेजमागे जुन्या कूलरचा सांगाडा पडून होता,
कौसल्यानं दोनदा भंगारात काढलेला, मी दोनदा परत आणलेला.
त्याचा पत्रा कापला, वाकवला,
शंकू आणि इंजिनच्या मध्ये आडोसा उभा केला,
आणि एक नळी खाली नेली बंपरच्या खिडकीपाशी,
जिथं रस्त्याची हवा लागते.
नागपूरची हवा, मे मधली,
तिला गार म्हणायला तोंड धजत नाही.
पण बॉनेटखालच्यापेक्षा गारच.

साडेआठ.
मोइन म्हणाला, यात माझ्या अंगठ्याची चूक असू शकते.

तीन आठवड्यांनी गाडी गचके खात आली,
पिवळा दिवा लागलेला.
शंकू धुऊन त्यानं तेलाची अख्खी बाटली पाजली होती,
लाडानं.
नळीत एक तार असते, केसाहून बारीक,
सतत तापलेली. जाताजाता हवा तिला किती निववते
त्यावरून इंजिन ठरवतं पेट्रोल किती घ्यायचं.
तिच्यावर तेलाचा पापुद्रा बसला
की ती खोटं बोलू लागते.
वाईट हेतूनं नाही. तिला कळतच नाही.

फवारा मारून तार धुतली, वाळू दिली.
तोवर चहा झाला.
विचारलं, काय करतो रे तू त्या अर्ध्या सेकंदाचं?
तो बराच वेळ कप फिरवत राहिला.
"दिवसभर कॉल सेंटरमध्ये हळू बोला म्हणते, नत्थूभाऊ.
घरी बाबा झोपून राहते.
सेकंद राहू द्या. आवाज काढू नका."

काळा डबा माझ्याच फळीवर आहे, नवा कागद घालून ठेवलेला.
न्यायला आला नाही.

रात्री साडेअकराच्या सुमारास
अमरावती रोडवरून एक गाडी जाते.
कूलरच्या घरघरीतूनही ओळखू येते मला,
तिसऱ्या गियरला जरा जास्तच खेचतो.
मी उशीवरून मान उचलतो.
"झोपा," कौसल्या म्हणते,
"तुमचा अर्धा सेकंद चालला."